परदेशी रंगनटीची चरित्रनोंद कशी लिहावी: स्तेफानिया स्तान्यूता यांच्या निमित्ताने

चरित्रनोंद जन्मतारखेपासून सुरू होते आणि बेलारूसच्या नटीबाबत पहिली अडचणही तिथेच येते. स्तेफानिया स्तान्यूता यांची जन्मतारीख कुठे ३० एप्रिल १९०५, तर कुठे १३ मे १९०५ अशी सापडते. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, कारण रशियात १९१८ च्या आरंभापर्यंत ज्युलियन दिनदर्शिका चालत असे आणि विसाव्या शतकात ती आपल्या नेहमीच्या दिनदर्शिकेच्या तेरा दिवस मागे होती. नोंदीत १३ मे ही तारीख द्यावी आणि जुनी कंसात ठेवावी. जन्मस्थळ मिन्स्क असले, तरी त्यापुढे केवळ ‘बेलारूस’ लिहून थांबू नये. त्यांचा जन्म झाला तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होते, उमेदीचा सारा काळ ते सोव्हिएत बेलारूसची राजधानी होते आणि ६ नोव्हेंबर २००० रोजी त्यांचे तिथेच निधन झाले तेव्हा स्वतंत्र देशाची राजधानी झाले होते. वडील मिखाईल स्तान्यूता चित्रकार होते, एवढा उल्लेख पुरे.

यानंतर बहुतेक लेखक थेट भूमिकांच्या यादीकडे वळतात. माझ्या मते आधी संस्था लावून घ्याव्यात, कारण या पिढीची कारकीर्द संस्थांमधूनच घडली. १९२१ मध्ये मॉस्कोत बेलारूसी नाट्यशिक्षणासाठी एक स्टुडिओ सुरू झाला आणि मॉस्को आर्ट थिएटरच्या परंपरेतील वालेन्तिन स्मिश्ल्यायेव यांच्यासारखे दिग्दर्शक तिथे शिकवत असत. स्तान्यूता त्या स्टुडिओच्या विद्यार्थिनी. १९२६ मध्ये शिक्षण संपल्यावर ही तुकडी विखुरली नाही; तिच्यातूनच बेलारूसमधील विटेब्स्क येथे दुसरे राज्य नाट्यगृह उभे राहिले. तिथे काही वर्षे काम केल्यावर, १९३० च्या दशकाच्या आरंभी, त्या मिन्स्कच्या पहिल्या राज्य नाट्यगृहात आल्या आणि पुढची अनेक दशके त्याच संस्थेशी बांधलेल्या राहिल्या.

इथे एक चूक हमखास होते. मिन्स्कचे हे नाट्यगृह १४ सप्टेंबर १९२० रोजी उघडले, पण कवी यांका कुपाला यांचे नाव त्याला १९४४ मध्ये मिळाले. त्यामुळे ‘१९३० च्या दशकात त्या यांका कुपाला नाट्यगृहात दाखल झाल्या’ असे लिहिणे काळाच्या हिशेबाने चुकीचे ठरते. तेव्हा कुपाला स्वतः हयात होते. त्या त्या वर्षीचे नाव आधी लिहावे आणि आजचे नाव एकदाच सांगावे. युद्धकाळात हे नाट्यगृह सैबेरियातील तोम्स्क येथे हलवले गेले होते, हेही नोंदवावे, नाहीतर त्या वर्षांतील प्रयोग मिन्स्कमध्ये झाले असा समज होईल.

भूमिका लिहिताना मराठी लेखकाने आपल्याकडच्या व्यावसायिक रंगभूमीची सवय बाजूला ठेवावी. आपण नाटकाचे मोठेपण प्रयोगसंख्येवरून सांगतो. तिथे मात्र कायमस्वरूपी पगारी नटसंच असतो, एकाच हंगामात अनेक नाटके आलटून पालटून होतात आणि एखादे नाटक दशकानुदशके चालू राहून त्यातील पात्रे एका नटाकडून दुसऱ्याकडे जातात. कुपालांचे ‘पावलिंका’ १९४४ पासून या नाट्यगृहात होत आले आहे. म्हणून अशा नाटकांत भूमिकेपुढे कालखंड लिहिल्याशिवाय नोंद उपयोगाची होत नाही.

रंगमंचावरचा अभिनय आज पाहता येत नाही, पण चित्रपटातला पाहता येतो, आणि स्तान्यूतांबाबत हा पुरावा फार मोलाचा आहे. सोव्हिएत दिग्दर्शिका लारिसा शेपित्को यांनी ‘प्रोश्चानिये’ (निरोप) या चित्रपटाचे काम हाती घेतले होते. १९७९ मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाल्यावर त्यांचे पती एलेम क्लिमोव यांनी तो पूर्ण केला. धरणामुळे बुडणाऱ्या बेटावरची म्हातारी दार्या स्तान्यूतांनी साकारली, तेव्हा त्यांनी सत्तरी केव्हाच ओलांडली होती. चित्रपट स्वतः पाहावा आणि जे दिसले तेवढेच आपल्या शब्दांत लिहावे. मात्र या एका भूमिकेने नोंदीचा निम्मा भाग व्यापू देऊ नये. जगाला त्या उतारवयात दिसल्या असल्या, तरी तोवर त्यांची रंगमंचावर निदान पन्नास वर्षे झाली होती.

संदर्भांसाठी किरिल लिपीत, रशियन आणि बेलारूसी अशा दोन्ही लेखनांनी शोध घ्यावा. त्यांचे पुत्र साहित्यसमीक्षक अलेक्सांद्र स्तान्यूता यांनी आईविषयी लिहिले आहे. घरातील माणसाची साक्ष म्हणून ते वाचावे आणि तारखा अन्यत्र पडताळाव्यात. १९३० च्या दशकातील मजकूर विशेष सावधपणे घ्यावा. याच नाट्यगृहाच्या संस्थापकांपैकी फ्लोरियान झ्दानोविच स्टालिनकालीन दडपशाहीत बळी पडले आणि अशा व्यक्तींची नावे सोव्हिएत काळातील छापील इतिहासातून गाळली जात. ‘सोव्हिएत संघाची लोककलावंत’ हा सर्वोच्च किताब स्तान्यूतांना १९८८ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी मिळाला. तो पहिल्या ओळीत नावाला जोडून न लिहिता त्याच्या वर्षाच्या जागी लिहावा, म्हणजे तो किती उशिरा आला हे वाचकाला आपोआप कळेल.