अर्ज न लिहिणाऱ्या कलावंतापर्यंत निधी कसा पोचवावा

बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत कलेसाठी पैसा उभा करणारे लोक आजही आहेत. कुठे एखाद्या दात्याच्या स्मरणार्थ चालणारा विश्वस्त निधी असतो, कुठे नाट्यमंडळाची ठेव असते, तर कुठे वाचनालयाच्या वर्धापनदिनी जाहीर होणारी शिष्यवृत्ती असते. हे टिपण अशा निधीचे काम पाहणाऱ्यांसाठी आहे. मी स्वतः अशाच एका छोट्या निधीच्या निवड समितीवर काही वर्षे काम केले आहे. पहिल्या वर्षी आम्ही वर्तमानपत्रात निवेदन दिले, आलेले अर्ज काळजीपूर्वक वाचले आणि कोणाचीही शिफारस न ऐकता निवड केली. निकालाची यादी समोर आली तेव्हा तिच्यात बहुतेक नावे शहरातली होती, एकही हलगीवादक नव्हता, जात्यावरच्या ओव्या म्हणणारी एकही बाई नव्हती आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातले तर कोणीच नव्हते. आमच्या निवडीत खोट नव्हती, खोट त्याच्या आधी होती. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याच्याच दारात आम्ही पैसा नेऊन ठेवत होतो.

म्हणून पहिले काम म्हणजे मागील पाच वर्षांचे वाटप एका वहीत मांडणे. प्रत्येक नावापुढे गाव, तालुका, कलाप्रकार, कलेची भाषा, बाई की पुरुष, निधी प्रथमच मिळाला की पुन्हा, आणि ते घर गावठाणात आहे की गावाबाहेरच्या वस्तीत, एवढे लिहावे. अर्जात जात विचारण्याची गरज पडत नाही, कारण वस्तीचा रकाना पुरेसे सांगून जातो. ही वही विश्वस्तांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावी. ताळेबंदातून जे दिसत नाही ते या वहीतून दिसते, आणि एकदा दिसल्यावर ते कोणाला नाकारता येत नाही.

वैविध्य म्हटले की आपल्याकडे विचार मराठी आणि कानडी या दोन शब्दांपाशी थांबतो. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून सीमाभागातील मराठी माणसाने आपल्या भाषेसाठी जे सोसले आहे त्याची मला पूर्ण जाणीव आहे, आणि मराठी कलेसाठी उभा केलेला निधी मराठी कलेवर खर्च व्हावा यात काहीही गैर नाही. मात्र या मातीतील कला भाषेच्या रेषेवर कापता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी रसिकांनी डोक्यावर घेतलेले कुमार गंधर्व 1924 साली सुळेभावी येथे एका कन्नडभाषक घरात जन्मले. श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याची परंपरा कुलगोडच्या तम्मण्णांशी जोडली जाते, तेही गाव याच जिल्ह्यातले. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर चौंडके या तारेच्या तालवाद्यावर म्हटली जाणारी पदे एकच जोगती, म्हणजे यल्लम्माला वाहिलेली गाणारी बाई, मराठीतही म्हणते आणि कानडीतही. तेव्हा निधीच्या नियमावलीत ‘मराठी कलावंत’ याऐवजी ‘मराठी भाषकांमध्ये सादर होणारी किंवा मराठी भाषकांनी जपलेली कला’ असे लिहिल्यास निधीचा हेतू शाबूत राहतो आणि दारही रुंद होते.

भाषेच्या पलीकडे पाहिले की आणखी माणसे दिसू लागतात. कणकुंबी आणि जांबोटीच्या रानात राहणारे गवळी धनगर आपली मराठी बोली बोलतात. खानापूर तालुक्यात आफ्रिकी वंशाची सिद्दी कुटुंबे आहेत. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश होण्यासाठी 2020 साल उजाडावे लागले. मोहरमात करबल नाचणारे मेळे आणि रिवायत, म्हणजे करबलाच्या शोककथेची पदे, म्हणणारे गट असतात आणि त्यांत हिंदू घरांतली मुलेही असतात. निपाणीच्या विडी कामगार बायकांना किती गाणी तोंडपाठ आहेत, याची नोंद कोणत्याही अर्जात सापडणार नाही.

या सगळ्यांपर्यंत पोचायचे तर वस्तीवर जावे लागते, आणि केव्हा जावे हे जाण्याइतकेच महत्त्वाचे आहे. जून-जुलैमध्ये पश्चिमेकडच्या गावांत भाताची लावणी चालू असते, उसाचा हंगाम सुरू झाला की तोडणीची कुटुंबे घरी नसतात, मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास जोगती आणि जोगप्पा (यल्लम्माला वाहिलेल्या तृतीयपंथी व्यक्ती) सौंदत्तीच्या वाटेवर असतात. आमची अर्जाची मुदत कित्येक वर्षे 31 जुलै होती. कार्यालयाच्या सोयीने ठरवलेली ही तारीख किती लोकांना बाहेर ठेवत होती, हे एका शेतकरी भजनी मंडळाने सांगेपर्यंत आमच्या लक्षात आले नव्हते. विडी कामगारांची मजुरी हजार विड्यांवर ठरते, म्हणून दुपारच्या बैठकीला बोलावले की त्या बाईची तेवढी मजुरी बुडते. बैठक संध्याकाळी घ्यावी, किंवा बुडालेल्या मजुरीची भरपाई निधीतून द्यावी. ही भरपाई म्हणजे उपकार नव्हे, ती कार्यक्रम खर्चातच धरावी.

अर्जाबाबत एक प्रसंग सविस्तर सांगतो. चिकोडीकडच्या एका गावात ओव्या म्हणणाऱ्या एका आजींकडे आम्ही गेलो होतो. त्यांनी नातीची शाळेची वही पुढे केली. वहीत निळ्या शाईने, ओळीत ओळ लावून, साठ-सत्तर ओव्या लिहिलेल्या होत्या, पण मला एक अक्षरही लागेना. नात कानडी माध्यमात शिकत होती, त्यामुळे आजीच्या मराठी ओव्या तिने कानडी लिपीत उतरवून घेतल्या होत्या. ‘पहिली माझी ओवी’ ही सुरुवात तिने वाचून दाखवली तेव्हा कुठे मला वहीत काय आहे ते कळले. आमच्या नियमाप्रमाणे अर्ज आणि सोबतचे साहित्य देवनागरीत असणे आवश्यक होते. त्या नियमाने वही बाद ठरली असती, आणि त्या गावात ओव्यांची एवढी एकच लेखी नोंद होती. पुढच्याच बैठकीत आम्ही तो नियम काढून टाकला.

तेव्हापासून आमची पद्धत अशी आहे. अर्ज कोणत्याही लिपीत चालतो, बोलूनही चालतो. आमचा कार्यकर्ता मोबाइलवर दहा-पंधरा मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करतो, त्यात तुम्ही काय करता, कोणाकडून शिकलात, पैसे मिळाले तर काय कराल आणि सोबत कोण आहे, एवढेच विचारतो आणि नंतर लिहून काढलेला मजकूर अर्जदाराला वाचून दाखवून त्याची संमती घेतो. वाचून दाखवणे टाळू नये. लिहिणारा आपल्या नकळत बोलणे सुधारून टाकतो, ‘आम्ही वाजवतो’ याचे ‘आम्ही कलेचे संवर्धन करतो’ असे होते आणि माणूस मजकुरातून निघून जातो. ध्वनिमुद्रण समितीला ऐकवावे, केवळ टंकलिखित प्रत देऊ नये.

हलगीबाबत विशेष जपावे लागते. वाजवण्याआधी जाळावर हलगी तापवून, बोटाने टिचकी मारून, सूर चढला की नाही हे पाहणारा माणूस मोठा जाणकार असतो. परंतु गावगाड्यात हलगी ही अनेक पिढ्या दलित वस्तीवर लादलेली सेवा होती, मिरवणुकीत पुढे वाजवायचे आणि जेवणाच्या पंगतीत शेवटी बसायचे. त्यामुळे काही तरुणांनी ठरवून हलगी खाली ठेवली आहे. ‘परंपरा टिकवा’ असे त्यांना शहरातून येऊन सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रथम विचारावे की तुम्हाला हे वाजवायचे आहे का, आणि कोणत्या अटींवर. एका गटाने आमच्याकडे नव्या हलग्यांसाठी पैसे मागितले नाहीत. त्यांना मंचावर बसून वाजवायचे होते, आणि निमंत्रणपत्रिकेवर प्रत्येकाचे नाव हवे होते. ती मागणी आम्ही जशीच्या तशी करारात लिहिली.

जोगत्यांच्या पदांना निधी देतानाही हीच सावधगिरी हवी. कर्नाटकात देवाला मुली सोडण्यावर 1982 च्या कायद्यापासून बंदी आहे. निधी गाणाऱ्या व्यक्तीला, तिच्या गाण्याच्या नोंदीला आणि तिच्या म्हातारपणाच्या आधाराला द्यावा, कोणत्याही विधीला देऊ नये, आणि हे करारात स्पष्ट लिहावे. जोगप्पांच्या कागदपत्रांत अनेकदा जुने नाव आणि पुरुष अशी नोंद असते. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळू शकते, ते मिळवून देण्यास मदत करणे हेही निधीचेच काम समजावे. बी. मंजम्मा जोगती यांना पद्मश्री मिळाली, त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, हे खरे. पण त्यामुळे गावोगावच्या जोगप्पांचे बँक खाते आपोआप उघडत नाही.

निवड समितीत किमान दोन कलावंत असे असावेत की ज्यांनी स्वतः सुपारी घेऊन, बिदागीवर पोट भरले आहे. त्यांना बैठकीचे मानधन आणि प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्यावा. प्राध्यापक सदस्य बोलू लागले की हे दोघे गप्प बसतात, असा माझा अनुभव आहे, म्हणून प्रथम त्यांचे मत घ्यावे आणि मग इतरांचे. समितीवरील कोणाच्याही नात्यातला किंवा मंडळातला अर्ज आला तर त्याने त्या वेळी बाहेर बसावे.

रक्कम देताना आमच्या हातून एक चूक झाली होती. एका वादक गटाचे अनुदान गटाचे खाते नसल्याने गावातल्या एका प्रतिष्ठित व्यक्तीच्या संस्थेमार्फत दिले गेले, आणि वादकांच्या हाती त्यातले निम्मेही पडले नाही. त्यानंतर आम्ही प्रत्येक वादकाच्या स्वतःच्या खात्यावर रक्कम टाकू लागलो आणि खाते नसेल तर आधी ते उघडून दिले. पहिला हप्ता मोठा असावा. हाती भांडवल नसलेल्या कलावंताला ‘आधी खर्च करा, मग पावत्या आणा’ असे सांगणे म्हणजे सावकाराकडे पाठवणे होय. हिशोबासाठी पावत्यांबरोबरच साध्या वहीतल्या सह्या किंवा अंगठे, आणि कार्यक्रमाची दोन छायाचित्रे स्वीकारावीत, मात्र हे आपल्या लेखापरीक्षकाशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून ठरवावे.

पैसा कोठून आणावा, हे थोडक्यात सांगतो. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि त्यात कला व संस्कृतीचे जतन बसते. त्यासाठी आपली संस्था कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदलेली असावी लागते. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या फौंड्रीला हा कायदा लागू होत नाही, तिच्या मालकाकडे देणगीच मागावी लागते. केंद्राच्या विभागीय सांस्कृतिक केंद्रांपैकी तंजावर आणि नागपूर अशा दोन्ही केंद्रांत कर्नाटक येते, ही सीमाभागाच्या सोयीची गोष्ट आपले लोक फारशी वापरत नाहीत. परदेशातून आलेली देणगी परकीय देणग्यांच्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही, म्हणून गावोगावच्या मंडळांना त्यातून पुढे अनुदान देण्याचे बेत आखू नयेत.

लोकसहभागाचा धडा मात्र बाहेरून शिकण्याची गरज नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी या गावांनी साहित्य संमेलने उभी केली ती गावाच्या बळावर. ज्याने वर्गणी दिली तो मांडवात पुढे बसतो, वक्त्याला प्रश्न विचारतो आणि आवडले नाही तर तसे सांगतो. आपल्या निधीतून होणारा कार्यक्रमही कलावंताच्या गावात, त्याच्याच वस्तीच्या चौकात आधी व्हावा आणि नंतर शहरातल्या रंगमंदिरात. जागा ठरवताना ती सर्वांना खुली आहे ना, हे स्वतः जाऊन पाहावे. ज्या देवळाच्या मंडपात वस्तीतल्या बायका पायरीवरच थांबतात, तिथे कार्यक्रम घेऊ नये. गावातल्या लोकांनी थोडी तरी वर्गणी द्यावी असा आग्रह धरावा, पैसे नसतील तर धान्य, जागा, जेवण किंवा श्रमाच्या रूपाने, आणि त्याची नोंद हिशोबात देणगी म्हणूनच करावी.

शेवटचे काम नकार कळवण्याचे. ज्यांची निवड झाली नाही त्यांना छापील पत्र पाठवू नये. बोलून अर्ज केलेल्या माणसाला बोलूनच उत्तर द्यावे, शक्यतो जाऊन, नाहीतर फोनवर, आणि कारण त्याच्या भाषेत सांगावे: या वर्षी पैसे एवढेच होते, तुमच्या गटात शिकणारी मुले दिसली नाहीत, किंवा समितीला तुमचे म्हणणे नीट कळले नाही. तिसरे कारण असेल तर ध्वनिमुद्रण पुन्हा घ्यावे. पुढच्या वर्षीचा अर्ज तिथेच, त्या बोलण्यातच नोंदवून घेता येतो.