गोळ्यांची पिशवी घेऊन या

आमच्या भागात यूरॉलॉजिस्ट म्हणजे मुतखड्याचा डॉक्टर. सांगली जिल्ह्यात 22 वर्षं प्रॅक्टिस झाली, तरी माझी ओळख तीच आहे. त्याचा एक फायदा होतो. ‘खडा दाखवायला गेलो होतो’ म्हटलं की घरी पुढचा प्रश्न येत नाही. पण आत आल्यावरही माणूस आधी जळजळ सांगतो, मग कंबर सांगतो. मी तपासतो, चिठ्ठी लिहून देतो, तो उठतो, दारापाशी जातो, कडीला हात लावतो आणि वळतो. ‘डॉक्टर, अजून एक होतं...’

तुम्ही त्या ‘अजून एक’साठी येणार असाल, तर बसल्या बसल्या तेच आधी सांगा. आणि नुसतं ‘कमजोरी आहे’ म्हणू नका. ताठरता येतच नाही, येते पण टिकत नाही, लवकर होतं, इच्छाच होत नाही, ही चार निरनिराळी दुखणी आहेत. प्रत्येकाच्या तपासण्या वेगळ्या, औषध वेगळं. ‘धातू जातो’ म्हणून घाबरून येणारी तरुण मुलं तर बहुतेक वेळा निरोगी असतात. त्यांना गोळीची नाही, कुणीतरी नीट बसून समजावून सांगायची गरज असते.

येण्याआधी आठवडाभर एकच गोष्ट बघा. पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन-चार वेळा ती येतच असते, त्याला कळत नाही एवढंच. पहाटेची शाबूत असेल आणि बायकोजवळ गेल्यावरच अडत असेल, तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा ठीक आहेत. काळजी, भांडण, भीती यांच्याकडे आधी बघावं लागेल. हळूहळू दोन्हीकडची गेली असेल, तर मी शरीरात शोधायला लागतो. हे उत्तर घेऊन आलात तर माझं अर्धं काम झालेलं असतं.

आता पिशवी. घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, रिकामी स्ट्रिपसुद्धा, कॅरीबॅगमध्ये भरून आणा. ‘बीपीची एक, शुगरची एक’ असं तोंडी सांगू नका. साखर कारखान्यात काम करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ दोन वर्षं ‘मन लागत नाही’ म्हणून फिरत होते. दोन ठिकाणी ताकदीची इंजेक्शनं घेऊन झाली होती. त्यांची पिशवी टेबलावर उलटी केली, तर तंबाखूच्या पुडीबरोबर गॅसची कॅप्सूल निघाली. रोज सकाळी उपाशीपोटी, कुणीतरी कधीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली, ती यांनी तीन वर्षं चालू ठेवलेली. पाठीमागची बारीक अक्षरं वाचली: लेव्होसल्पिराइड. हे औषध प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढवतं, आणि प्रोलॅक्टिन वाढलं की इच्छा मरते, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खाली येतं. रक्त तपासलं, प्रोलॅक्टिन चढलेलं होतं. कॅप्सूल बंद केली, दीड महिन्यानं पुन्हा तपासलं, आकडा जागेवर आला होता. ते स्वतःहून म्हणाले, ‘आता बरं आहे.’ मी एकही नवीन गोळी लिहिली नव्हती.

प्रोस्टेटसाठी दिलेल्या टॅम्सुलोसिननं वीर्य कमी येतं किंवा बाहेर येतच नाही. लोक त्यालाच नपुंसकता समजतात. प्रोस्टेटसाठीच दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडनं काहींची इच्छा कमी होते. बीपीच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्याही आड येतात. म्हणून काही स्वतःच्या मनानं बंद करायचं असं मात्र नाही. ज्यांनी लिहिली त्यांना विचारून बदलायची.

रक्त द्यायला सकाळी 7 ते 10 मध्ये जा, उपाशीपोटी. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं. संध्याकाळी कारखान्यातून सुटून लॅबमध्ये गेलात तर रिपोर्ट उगाच कमी येईल. एकदा 300 नॅनोग्रॅमच्या खाली आलं म्हणून लगेच उपचार सुरू करायचे नाहीत, दुसऱ्या सकाळी पुन्हा द्यायचं. ताप येऊन गेला असेल तर थोडे दिवस थांबा. त्याच सुईत तीन महिन्यांची सरासरी शुगर आणि कोलेस्टेरॉलही होऊन जाऊ दे.

हे दोन्ही मी का मागतो ते सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. लिंगाकडे जाणारी रक्तवाहिनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार मिलिमीटरची. तंबाखू, साखर, चरबी यांनी आतून थर बसायला लागले की बारीक नळी आधी तुंबते. म्हणून चाळिशी-पन्नाशीतला माणूस ताठरतेची तक्रार घेऊन येतो, तेव्हा पुष्कळदा ती छातीत दुखायच्या दोन-पाच वर्षं आधीची खबर असते. लाजेपायी ती खबर दाबून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या बायका नंतर एकट्या आल्या आहेत. त्यामुळे माझ्याकडे आलात तर मी ईसीजीही काढायला सांगेन, चालताना दम लागतो का विचारेन. विषय बदलला असं समजू नका.

तपासणीला पाच-सात मिनिटं लागतात. मी दार लावतो, पडदा ओढतो. अंडकोष हातानं बघतो, लिंगात कुठे कडक गाठ आहे का चाचपतो, बीपी घेतो, पोटाचा घेर मोजतो. दुखत नाही. बायकोला बरोबर आणलंत तर फार चांगलं. तुम्ही ‘सहा महिने’ म्हणाल, त्या ‘तीन वर्षं’ म्हणतील, आणि बहुधा त्यांचंच बरोबर निघतं.

ताठरतेची गोळी, सिल्डेनाफिल, लिहून दिली तर ती घ्यायची रीत आहे. जेवणाआधी, रिकाम्या पोटी, संबंधाच्या तासभर आधी. मटण-भाकरीवर घेतलीत तर ती उशिरा आणि कमी लागते. गोळी घेऊन टीव्हीसमोर बसून राहिलात तर काहीच होणार नाही, जवळीक लागतेच. एकदा घेतली आणि जमलं नाही म्हणून फेकू नका, निदान सहा-सात वेळा नीट घेऊन बघा आणि मग मला सांगा. तिनंही भागलं नाही तर पंप आहे, इंजेक्शन आहे, शेवटी इम्प्लांटचं ऑपरेशन आहे. त्याचं बोलणं समोरासमोरच करू.

छातीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी, सॉर्बिट्रेट किंवा तशी कुठलीही नायट्रेटची, तुमच्याकडे असेल तर मात्र सिल्डेनाफिल तुमच्यासाठी नाही. दोन्ही मिळून बीपी एकदम कोसळतं, जीव जातो. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एका गृहस्थांना मी विचारलं, हृदयाचं काही औषध आहे का. ‘नाही’ म्हणाले. रोज घ्यायची कुठलीच गोळी नव्हती, म्हणून खरंच सांगितलं त्यांनी. शर्टाच्या खिशातली ‘दुखलं तर’ची गोळी त्यांच्या हिशेबात औषध नव्हती. खालच्या मेडिकलवाल्यानं ती खिशात पाहिली आणि चिठ्ठी वर पाठवली. तेव्हापासून मी खिसासुद्धा विचारतो. आणि कधी छातीत दुखून दवाखान्यात न्यावं लागलं, तर आधी तिथल्या डॉक्टरांना सांगा की ताठरतेची गोळी कधी घेतली होती. सिल्डेनाफिल असेल तर 24 तास आणि तिच्याच जातीची टाडालाफिल असेल तर 48 तास नायट्रेट चालत नाही.

एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर रंगवलेल्या ‘गॅरंटी’च्या पुड्या घेऊ नका. त्यांतल्या काहींमध्ये हीच सिल्डेनाफिल न सांगता मिसळलेली सापडली आहे, प्रमाण कुणालाच माहीत नसतं. आणि तालमीतल्या, जिममधल्या पोरांना कळकळीनं सांगतो: टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं बाहेरून टोचलीत की मेंदू अंडकोषाला काम थांबवायला सांगतो. शुक्राणू शून्यावर येतात, अंडकोष आक्रसतात. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून हीच पिळदार मुलं माझ्यासमोर मान खाली घालून बसतात. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण सहा महिने, कधी वर्ष, कधी त्याहूनही जास्त जातं. ज्याला मूल हवंय आणि हार्मोन खरंच कमी आहे, त्याला वेगळं औषध असतं. तेव्हा वय आणि मुलाबाळांचं आधी सांगा.

एका गोष्टीसाठी माझ्या ओपीडीची वाट बघायची नाही. गोळीनंतर, इंजेक्शननंतर किंवा आपोआप आलेली ताठरता चार तास उतरली नाही, दुखायला लागली, तर रात्र असो की दिवाळी, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. आतलं रक्त साकळून तिथला भाग कायमचा निकामी होतो. खिडकीवर ‘पोटात दुखतंय’ म्हणू नका, तासभर तिथेच बसवतील. म्हणा, ‘चार तास झाले, ताठरता उतरत नाही, यूरॉलॉजिस्टना बोलवा.’