खचलेल्या जिवाला आधी भाकरी, मग वचन

विश्वासणारं माणूस खचलं की पहिल्याच भेटीत त्याला बायबलमधलं वचन ऐकवायची आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत पद्धत पडली आहे. वचन खरंच असतं, पण ज्याच्या पोटात दोन दिवस धड अन्न नाही त्याच्या मनापर्यंत ते पोचत नाही. मी नगरची. आयुष्यभर नर्सचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर मंडळीच्या घरभेटींची जबाबदारी माझ्याकडे आली. आजारपणाने, कर्जाने, न मिळालेल्या नोकरीने हातपाय गाळून बसलेली माणसं मी जवळून पाहते. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरी जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. यातला क्रम बायबलच्या १ राजे या पुस्तकातल्या अध्याय १९ मधला आहे. देवाने एलीया संदेष्ट्याला ज्या क्रमाने उभं केलं, तोच.

कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एलीया एकटा उभा राहिला होता, आणि स्वर्गातून अग्नी उतरला होता. लगेच पुढच्या अध्यायात ‘तुला मारीन’ असा ईजबेल राणीचा एक निरोप आला आणि तोच माणूस जीव घेऊन पळाला. बैर-शेबा इथे चाकराला मागे ठेवलं, एकटाच रानात दिवसभर चालला, झुडपाखाली बसला आणि म्हणाला की आता पुरे, माझा प्राण घे. एवढा मोठा संदेष्टा खचतो, तर आपण कोण? एखादीने सासूचं अंथरुणातलं सगळं वर्षानुवर्षं केलेलं असतं, आणि सासू गेल्यावर ती स्वतःच अंथरूण धरते. तिला ‘तुझा विश्वास कमी पडला’ म्हणणं पाप आहे, असं मी स्पष्टच सांगते.

आता देवाने काय केलं ते बघा. दूत आला, त्याने एलीयाला हात लावून उठवलं आणि खायला सांगितलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती, पाणी होतं. एलीया खाऊन परत झोपला, तरी कोणी त्याला रागावलं नाही. दुसऱ्यांदा उठवलं तेही जेवायलाच.

म्हणून पहिले काही दिवस मोठ्या प्रार्थनेचा आग्रह नको, आणि उपास तर मुळीच नको. सकाळी नुसत्या चहावर राहू नका. दुपारी ताटावर बसा, दोन घास गेले तरी चालतील. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून ठरल्या वेळी आडवं व्हा. प्रार्थना एका ओळीची करा: ‘प्रभो, या घासाबद्दल तुझे आभार.’ तेवढी पुरते. भेटीला जाणाऱ्यांनी डबा न्यावा. मी जाते तेव्हा बायबल पिशवीतच असतं. आधी विचारते, “जेवलीस का गं? काल डोळा कधी लागला?” “मावशी, जेवायचं लक्षातच येत नाही हो,” असं उत्तर आलं की मी उठून गॅस पेटवते, मुगाची खिचडी टाकते, वर लसणाची फोडणी. कुकरची शिट्टी होईपर्यंत आम्ही दोघी गप्प बसतो. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्रही सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ न बोलता बसले होते. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण एलीयाने मरण मागितलं होतं. मरणाचे विचार येत असतील, किंवा दोन आठवडे होऊनही झोप-भूक परत येत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. अशा माणसाला रात्री एकटं ठेवू नका. शुगरची गोळी घेताना आपण प्रभूवरचा विश्वास सोडत नाही, तसाच मनाच्या गोळीनेही सुटत नाही.

अंगात थोडी ताकद आली की तक्रार करायची. होय, देवाकडे, आणि मोठ्याने. हा भाग आपल्याकडे सगळ्यात कमी शिकवला जातो, म्हणून इथे जरा थांबते. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ काढा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा चार वेळा देवाला ‘कुठवर’ विचारतो. पुढच्या दोन वचनांत मागणं आहे: माझ्याकडे बघ, उत्तर दे. शेवटच्या दोन वचनांत तो देवाच्या दयेवर भाव ठेवतो. एक साधी वही घ्या आणि याच घडणीवर आपलं स्वतःचं लिहा. चार ‘कुठवर’, एक मागणं, शेवटी एक ओळ भरवशाची. नवऱ्याला अर्धांगवायू झालेल्या आमच्या मंडळीतल्या एका बहिणीने लिहिलं होतं: ‘कुठवर मी रात्री तीनदा उठून कूस बदलून देऊ? कुठवर जावा-दिरांनी फक्त फोनवर विचारपूस करावी? कुठवर मी रडू न्हाणीघरात नळ सोडून? कुठवर तू गप्प बसशील?’ मागणं एकच होतं: एक रात्र सलग झोप. ते वाचल्यावर मंडळीतल्या दोन तरुणांनी शनिवारची रात्र वाटून घेतली. तिने नुसतं ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हटलं असतं, तर आम्हाला हे कधीच कळलं नसतं.

भरवशाची ओळ मनातून येत नसेल तर खोटी लिहू नका. अशांसाठी स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपतं. पण सुरुवातीला बोलणारा देवाला आपला तारणारा देव म्हणून हाक मारतो आणि शेवटपर्यंत त्याच्याशीच बोलत राहतो. मला तर तोच विश्वास वाटतो.

खाऊन-पिऊन एलीया होरेब डोंगरावर पोचला, तिथे देवाने त्याला विचारलं, तू इथे काय करतोस? त्याने गाऱ्हाणं सांगितलं: मी एकटाच उरलो आहे. मग वारा, भूकंप, अग्नी झाला, आणि त्यानंतर एक मंद स्वर. देवाने पुन्हा तेच विचारलं आणि एलीयाने पुन्हा तेच उत्तर दिलं, शब्दाला शब्द. एवढं सगळं पाहूनही त्याची उदासी जागची हलली नव्हती. तरी देवाने त्याला काम सांगितलं: परत फीर, हजाएलाला आणि येहूला राजा म्हणून, आणि अलीशाला तुझ्या जागी संदेष्टा म्हणून अभिषेक कर. म्हणून मन ताळ्यावर येईपर्यंत थांबू नका. काम लहान निवडा आणि दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचं निवडा. उपासनेआधी गीतांची पुस्तकं बाकांवर ठेवणं, शेजारच्या आजीला औषध आणून देणं, संडेस्कूलच्या दोन मुलांचं पाठांतर घेणं. पंडिता रमाबाईंची मनोरमा, त्यांची एकुलती एक लेक, १९२१ मध्ये गेली. रमाबाई स्वतः थकल्या होत्या, ऐकूही कमी येत होतं. वर्षभराच्या आतच, ५ एप्रिल १९२२ला, त्याही गेल्या. तरी त्या मधल्या महिन्यांत केडगावात बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी हातातून खाली ठेवलं नाही. त्यांना दुःख नव्हतं असं कोण म्हणेल?

आणि माणूस जोडा. पूर्ण मंडळीला सांगायची गरज नाही, बोभाटा होतो. ऐकलेलं पोटात ठेवणारा एकच जण शोधा आणि आठवड्यातला वार ठरवा. देवाने एलीयाला सांगितलं की बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत. पण बरोबर चालायला दिला तो एकच, शेत नांगरत असलेला अलीशा. रविवारी मन नसलं तरी उपासनेला या. मागच्या बाकावर बसा, गाऊ नका, पेटी-तबल्यावर बाकीचे गातील, तुम्ही ऐका. प्रभुभोजनाला मात्र पुढे या, ते थकलेल्यांसाठीच मांडलेलं असतं. पाळकांना आधी सांगून ठेवलंत तर ‘बरेच दिवस दिसला नाहीत’ हा प्रश्न चारचौघांत येणार नाही.

किती दिवस लागतील, असं सगळेच विचारतात. स्तोत्र ४२ आणि ४३ एकापाठोपाठ वाचा. तिथे स्तोत्रकर्ता आपल्या जिवाला विचारतो की तू का खिन्न झालास, आणि त्याला देवाची आशा धरायला सांगतो. हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही, दोन स्तोत्रांत तो तीनदा येतो. तेव्हा बरं वाटायला लागल्यावर पुन्हा एखादी सकाळ जड गेली तर घाबरू नका. वही काढा, त्या दिवसाचे ‘कुठवर’ लिहा, आणि त्याआधी न्याहारी करा.