गेलेल्या प्राण्याचा निरोप सांगणाऱ्यांची पारख कशी करावी

घरातला कुत्रा किंवा मांजर गेले, की कुणीतरी आपुलकीने सुचवते की अमुक एक ‘ॲनिमल कम्युनिकेटर’ नुसत्या फोटोवरून त्याच्याशी बोलतात. व्हॉट्सॲपवर फोटो, नाव व वय कळवायचे, पैसे भरायचे आणि ठरल्या वेळी फोन घ्यायचा, असा हा व्यवहार असतो. माझ्या थोरल्या बहिणीने तो केला. ज्यांचा हात त्या फोनकडे गेला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पैसे भरण्याआधी एक वही घ्यावी आणि आपल्याला त्या प्राण्याला नेमके काय विचारायचे आहे ते लिहून काढावे. बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: मी त्याला वेळेवर दवाखान्यात नेले असते तर? किंवा, इंजेक्शन देऊन त्याची सुटका करण्याचा माझा निर्णय चुकला का? ते पान जपून ठेवावे, त्याचे काम पुढे आहे.

फोन करायचाच असेल, तर समोरच्या व्यक्तीला सांगून संभाषणाचे रेकॉर्डिंग करावे. ताईने ते केले होते, म्हणून पुढचे कळले. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच त्या बाई म्हणाल्या, “त्याच्या पोटाच्या मागच्या बाजूला मला जडपणा जाणवतो आहे.” ताई लगेच म्हणाली, “किडनी! शेरूच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या.” त्यावर उत्तर आले, “हो, तो मला किडनीच दाखवतो आहे.” चार दिवसांनी ताई मला डोळ्यांत पाणी आणून सांगत होती, की बाईंनी किडनीचे अचूक ओळखले. ती खोटे बोलत नव्हती. तिला तसेच आठवत होते. आम्ही दोघांनी बसून ते पुन्हा ऐकले, तेव्हा ‘किडनी’ हा शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आला हे तिच्या लक्षात आले आणि ती बराच वेळ गप्प राहिली. म्हणून रेकॉर्डिंग ऐकताना वहीत दोन रकाने करावेत: एकात आपण स्वतः सांगितलेले किंवा फेसबुक-इन्स्टाग्रामवर आधीच टाकलेले, आणि दुसऱ्यात समोरच्याने आपल्या मदतीशिवाय सांगितलेले. दुसऱ्या रकान्यात काय उरते ते पाहावे.

त्या रकान्यात काही उरलेच, तर ते आपल्यापुरतेच खरे आहे का, हे तपासावे. ‘शेवटी त्याचे खाणे कमी झाले होते’, ‘त्याची एक वस्तू तुम्ही अजून टाकलेली नाही’, ‘तुम्ही एकट्याने रडलात हे त्याने पाहिले’ ही वाक्ये ज्याचा म्हातारा कुत्रा गेला आहे अशा कोणत्याही ओळखीच्या माणसाला वाचून दाखवावीत. त्यालाही ती आपलीच वाटतील. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्या स्वभावाचे वर्णन’ म्हणून एकच मजकूर वाटला होता आणि त्यातली वाक्ये बाजारातल्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. तरीही त्याच्या अचूकतेला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

याहून पक्की कसोटी हवी असेल, तर स्वतः फोनवर बसूच नये. ज्याने तुमचा प्राणी कधी पाहिलेला नाही अशा माणसाला फोटो देऊन बसवावे आणि पाच खात्रीच्या गोष्टी आधीच पाकिटात बंद करून ठेवाव्यात: तो कुठे झोपायचा, कशाला घाबरायचा, कोणत्या पायाला जखम होती, वगैरे. फोन झाल्यावर मिळालेली उत्तरे त्यांच्याशी ताडून पाहावीत. बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याची अशीच परीक्षा झाली होती. तो खूर आपटून गणिताची उत्तरे देई आणि जाणकारही चकित होत; पण ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले, की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सलाही ते येत नाही, कारण तो माणसाच्या मानेची आणि चेहऱ्याची नकळत होणारी हालचाल टिपत असे. त्याचे मालक फॉन ओस्टेन लबाड नव्हते, त्यांचा घोड्यावर मनापासून विश्वास होता. हे काम करणाऱ्या कितीतरी जणांचाही आपल्या शक्तीवर तसाच विश्वास असेल, म्हणून समोरच्याचा प्रामाणिकपणा हा पुरावा धरू नये. ‘मालक स्वतः हजर नसेल तर संपर्क होत नाही’ असे उत्तर मिळाले, तर तो संपर्क कुणाशी होत होता हे उघड आहे.

‘त्याला मुक्ती मिळालेली नाही, आणखी सत्रे करावी लागतील’ असे म्हटले गेले की तिथेच थांबावे. ऑनलाइन फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. दैवी शक्तीचा दावा करून फसवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. तो आपल्या प्रकरणाला लागू होतो का, हे पोलीस ठाण्यात विचारावे.

घरच्यांनी एक पथ्य पाळावे. ‘कुत्रेच तर होते’ हे वाक्य तोंडातून काढू नये. ज्या घरात रडायला जागा मिळत नाही, त्या घरातला माणूस पैसे देऊन ती शोधतो. दुःख आवरेनासे झाले, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आता वहीतले ते पहिले पान घेऊन ज्यांनी उपचार केले त्या पशुवैद्यांकडे जावे. दवाखान्यात गर्दी नसेल अशी वेळ मागून घ्यावी आणि केसपेपर समोर ठेवून तो प्रश्न जसाच्या तसा विचारावा. ताईच्या पानावर लिहिले होते, ‘मला आधी कसे कळले नाही?’ डॉक्टरांनी शेरूचे रक्ताचे रिपोर्ट तारखेनुसार मांडले, क्रिएटिनिनच्या आकड्यावर बोट ठेवले आणि सांगितले, की किडनीचे साधारण तीन-चतुर्थांश काम थांबेपर्यंत हा आकडा वाढत नाही, तोवर कुत्रा बहुधा हिंडतो-खेळतोही, आणि घरच्यांना दिसेल असे फारसे काही नसते. ताईने तो कागद मागून घेतला. तो आता शेरूच्या पट्ट्याबरोबर कपाटात आहे.