फियाट मूळ रूपात आणताना: पाना कुठे चालेल, कटर कुठे नको

प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली. १९७२ मध्ये ती प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी. बारसं तीनदा झालं, गाडी मुळात तीच राहिली: १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. त्यामुळे एकीचे भाग दुसरीला बसतात. दुरुस्तीला ही सोय मोठी, पण मूळपणाची वाटही तिनेच लागते. ६६ च्या डिलाइटला ८५ ची जाळी, तिसऱ्याच वर्षाचे दिवे आणि आत बकेट सीट अशा गाड्या भरपूर दिसतात. सुटे भाग घ्यायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाण्याआधी आपल्या वर्षाच्या गाडीचे जुने फोटो आणि पार्ट्स कॅटलॉग जवळ ठेवा. दुकानदार 'सगळं एकच आहे' म्हणणारच, आणि बसण्यापुरतं ते खरंही असतं.

कोणताही बदल ठरवताना एकच प्रश्न विचारा: हा पान्याने होतो की कटरने? पान्याने लावलेलं पान्याने काढता येतं. फियाटला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा आहे. त्यामुळे फ्लोअर कापला की सांगाडाच कापला गेला.

कागदांचा हिशेबही याच रेषेवर चालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते आणि रंग बदलला तर आरसीवर नोंद. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, व्यावसायिक वापरात नसलेली गाडी बसते. अट अशी की चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मात्र व्हिंटेज नोंदणी घेतली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. रोज चालवायची असेल तर तो अर्ज करण्याआधी विचार करा. आणि चॅसी नंबर, इंजिन नंबर जिथे ठोकलेत तिथे सँडर किंवा जाड रंग अजिबात नको. रंगकामाआधी त्यावर मास्किंग टेप लावा. आरटीओत त्याचा पेन्सिल ठसा घ्यावा लागतो.

आता पत्रा. गाडी इथेच वाचते किंवा मरते. मुंबईच्या पावसात पाणी पुढच्या काचेच्या रबरातून आत येतं आणि मॅटखाली मुरतं. मॅट काढून फ्लोअर, दाराखालची पेटी, जॅक लावायची जागा आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. चुंबकाभोवती पातळ कापड गुंडाळून बॉडीवर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली पुट्टीचा थर आहे. दाराखालची पेटी कापायची असेल तर आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून टेकू द्या आणि दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा. टेकू न देता कापलं की गाडी मधून बसते, आणि मग दार कितीही घासलं तरी लागत नाही.

पॅच १ मिलिमीटरच्या सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा घ्या. जुन्या पत्र्यावर चढवून वेल्ड करू नका, दोन थरांत पाणी अडून दोन पावसाळ्यांत पुन्हा गंज येतो. कडेला कड भिडवा, मिग वेल्डिंगने (तारेने होणाऱ्या वेल्डिंगने) २५ मिलिमीटरवर टाके घ्या, एक इथे तर पुढचा लांब. सलग शिवण ओढली किंवा गॅस वेल्डिंग केलं की पत्रा तापून लाटा येतात आणि टिंकर (पत्राकाम करणारा) त्या पुट्टीने बुजवतो. पुट्टी दोन मिलिमीटरपेक्षा जाड झाली तर पुन्हा हातोड्याकडे वळा. मोठ्या सपाट पॅनेलवर वाळूचा मारा करू नका, बॉनेट हमखास वाकतं.

मूळ रंग सापडतो डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या आतल्या कव्हराखाली किंवा सीटखाली. तिथला एक कोपरा न रंगवता तसाच ठेवा. पुढच्या माणसाला तो पुरावा असतो.

सगळ्यात जास्त नुकसान स्टिअरिंगवरचा गिअर काढून फ्लोअरवर बसवायच्या हौसेने होतं. तक्रार असते 'गिअर अडकतो', आणि दोष बहुधा लिंकेजच्या (दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडसळ्यांच्या) झिजलेल्या बुशांचा. बुश बदला, सांधे ग्रीस करा, लिंकेज जुळवा. काही तासांच्या कामासाठी सांगाड्याला भोक पाडू नका.

विजेच्या कामात मात्र बदल खुशाल करा. मूळचा डायनॅमो इंजिन आयडलला असताना बॅटरीला जवळजवळ काहीच चार्ज देत नाही. आजच्या ट्रॅफिकमध्ये अल्टरनेटर लावणं शहाणपणाचं. जुना रेग्युलेटर न जोडता नुसता दिसण्यापुरता जागेवर ठेवा, अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची वायर नवीन टाका. जुन्या वायरीवरच जोडलं तर ती तापून वितळते. हाय बीमला ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १० अँपिअर, तेही जुन्या स्विचमधून. त्यामुळे दिवे पिवळे पडतात. दोन रिले (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीतून थेट वीज देणारे) आणि फ्यूज टाका. बॅटरी आणि बल्ब यांच्या व्होल्टेजमधला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आला की काम झालं.

पेट्रोलच्या बाबतीत मूळपणाचा हट्टच धोक्याचा. ई२० मधलं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधलं) इथेनॉल जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा मऊ करतं, टाकीतली घाणही सोडवून आणतं. पाइप वायटॉनचे (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे) टाका, पंपाला इथेनॉल चालणारा पडदा घ्या, टाकी आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक फिल्टर लावा. ई२० ला साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं; म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) १२० चा असेल तर १२५ चा लावून पाहा आणि स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग तपासा. पांढरा म्हणजे मिश्रण अजून पातळ, काळा म्हणजे जास्त झालं. शिशाचं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. त्यातलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटचं रक्षण करायचं. टॅपेट गॅप (व्हॉल्व्हची मोकळी फट) पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते आहे. हेड उतरवून कठीण सीट बसवून घ्या. बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) मुळात ६८ मिलिमीटर. घासून घासून शेवटच्या ओव्हरसाइझला पोचलेला ब्लॉक भंगारात घालू नका, स्लीव्ह (आत बसवायची नळी) टाकून तो पुन्हा ६८ वर येतो आणि इंजिन नंबरही वाचतो.

ब्रेकला डिस्क लावण्याआधी ड्रम नीट करून पाहा: सिलिंडरांतले नवे रबरी कप, खड्डे पडलेल्या सिलिंडरला स्लीव्ह, ताजं ब्रेक ऑइल. हवा काढताना डावं मागचं चाक पहिलं, मग उजवं मागचं, डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच ठेवून डिस्क लावली तर पॅड घासत राहतात आणि चाक तापतं. खरा कमकुवतपणा वेगळा आहे: सर्किट एकच, एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. त्यामुळे लोखंडी पाइप आणि रबरी नळ्या संशय आला तरी बदला.

उतरवलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पिशवीत चिठ्ठी हवी: भाग, तारीख, कशामुळे काढला, कुठल्या बोल्टने बसतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, तेल लागलं की बॉलपेनची शाई पसरते.