पळताना सारखी लघवीला लागते? पाणी तोडू नका, वेळा बदला

पन्नाशी ओलांडून प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेल्या रनरला रूटवरच्या सगळ्या मुताऱ्या पाठ असतात, कुठली पहाटे पाचला उघडी आणि कुठल्या दाराला कडीच नाही, सगळं. मी आधी सरळ पाणीच तोडलं होतं. साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढताना पोटऱ्यांत गोळे आले आणि लघवी लागायची ती लागलीच, कारण घट्ट पिवळी लघवी मूत्राशयाला उलट जास्त टोचते.

तर पहिलं काम, वही. तीन दिवस काय प्यायलात, किती वाजता गेलात, रात्री किती वेळा उठलात ते लिहा, आणि जुन्या मापाच्या मगात दर वेळी किती मिली झाली तेही (तो मग परत किचनमध्ये नको, घरात भांडण होतं). डॉक्टरकडे गेलात की ही वही समोर ठेवायची, अर्धं बोलणं वाचतं.

मग वेळा सरकवा. पाणी दिवसा भरपूर, झोपायच्या आधी दोन तास कमी. सकाळी उठल्या उठल्या थोडं पिऊन घ्या, वाटेत तहानेप्रमाणे घोट घोट. चहा-कॉफी पळून आल्यावर, कॅफीनने घाई वाढते, मला हेच सगळ्यात जड गेलं.

निघताना दोनदा जायचं. प्रोस्टेट वाढली की मूत्राशय एका दमात रिकामं होत नाही, म्हणून एकदा जाऊन या, बुटाच्या लेस बांधा, परत जा. मुंबई मॅरेथॉनला मी रांगेतून बाहेर पडलो की त्याच रांगेच्या शेपटाला पुन्हा उभा राहतो, लोक बघतात, बघू देत. नंतर थेंब गळत असतील तर अंडकोषाच्या मागून बोटांनी हलकं दाबत पुढे आणा, नळीत राहिलेलं निघून जातं. आणि शॉर्ट्स काळीच घ्या.

वाटेत अचानक कळ आली तर स्पीड वाढवू नका. थांबा, लघवी रोखताना जो स्नायू आवळतो तो पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडा, कळ ओसरली की चालत जा.

सर्दीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन लघवी अडवू शकतं. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी देतात ते टॅमसुलोसिन नवीन सुरू झालं असेल तर उठताना चक्कर येऊ शकते, त्यामुळे पहिले काही दिवस रेस नको. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) द्यायच्या आधी 48 तास सायकल आणि जोराचं पळणं बंद, नाहीतर आकडा उगाच वर जातो आणि आठवडाभर झोप उडते.

लाँग रननंतर लघवीत रक्त दिसलं तर 'पळण्याने होतं' म्हणून सोडून देऊ नका, दोन दिवसांत गेलं तरी दाखवाच. कोकसारखी काळपट झाली, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी पूर्णच अडली तर अपॉइंटमेंट वगैरे नाही, थेट कॅज्युअल्टी.