मोठ्या संख्येचे गुणधर्म तपासताना या चुका टाळा

२ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला की येते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. संख्या २१ अंकी आहे. १६४४ मध्ये फ्रेंच गणिती मेर्सेनने तिला मूळ संख्यांच्या यादीत बसवलं होतं. हिच्याइतकी चांगली शिकवणारी संख्या मला दुसरी माहीत नाही, म्हणून नेहमीच्या चुका हिच्यावरच दाखवतो.

सगळ्यात जास्त घोळ एक्सेलमध्ये होतो. ही संख्या सेलमध्ये टाका. एक्सेल पहिले १५ अंकच जपतं आणि पुढच्या सहांच्या जागी शून्यं भरतं: १४७५७३९५२५८९६७६००००००. आता तिला २ ने भाग जातो, ५ नेही जातो! खरी संख्या तर विषम आहे. संख्या टाकण्याआधी सेल 'टेक्स्ट' केला तर अंक शाबूत राहतात, पण गणित करायला घेतलं की पुन्हा तेच. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो. फक्त भागाकाराला एक तिरकी रेघ देऊ नका, दोन द्या, आणि बाकी टक्क्याच्या चिन्हाने काढा. एका रेघेने उत्तर दशांशात जातं आणि शेवटचे अंक हातचे जातात.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. ६७ मूळ आहे, म्हणून ही संख्याही मूळ असणार, असं अनेकजण धरून चालतात. पण ११ सुद्धा मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ × ८९ आहे. काहीजण फर्माची कसोटी २ हा पाया घेऊन लावतात, म्हणजे २ चा त्या संख्येइतका घात काढून त्याच संख्येने भागतात आणि बाकी २ येते का बघतात. पण घातांक मूळ असला की अशी प्रत्येक संख्या त्या कसोटीत पास होतेच, मग ती संयुक्त का असेना. इथे ल्युका-लेमर कसोटीच वापरा: ४ पासून सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी घ्या, असं ६५ वेळा. शेवटी शून्य आलं तरच संख्या मूळ. आपल्या संख्येला शून्य येत नाही.

पण संयुक्त आहे एवढं कळलं म्हणजे अवयव हाती आले असं नाही. ही संख्या संयुक्त असल्याचं फ्रेंच गणिती ल्युकाने १८७६ मध्येच दाखवलं होतं. अवयव मात्र १९०३ मध्ये अमेरिकी गणिती कोलने मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

हा गुणाकार ताडताना नुसत्या अंकांच्या बेरजेवर विसंबू नका. ९ ने भागल्यावर दोन्ही अवयवांची बाकी १, संख्येचीही १, जुळलं. पण दोन अंकांची अदलाबदल झाली असती तरी जुळलंच असतं. म्हणून ११ ची बाकीही बघा: अवयवांची ९ आणि ८, गुणाकार ७२, त्याची बाकी ६. संख्येचीही ६ च येते. हीसुद्धा सिद्धता नव्हे. पूर्ण गुणाकार करून बघावाच लागतो.

दोन्ही अवयव मूळ आहेत, त्यामुळे विभाजक चारच. मोजताना १ आणि खुद्द संख्या हमखास राहून जातात.